खिळ्यावरचे वेढे

हिंगण्याच्या त्या जोडात काहीही दोष नव्हता. दोष माझ्या बाजूला होता, आणि तो मला त्याच दुपारी दिसला होता. ही दोन वाक्ये उच्चारायला मला इतका काळ लागला की मधल्या वेळात एक नुकती चालू लागलेली मुलगी शिकली, नोकरीला लागली आणि स्वतः आई झाली.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. टेलिफोन खात्यात मी आणि माझा एक मित्र, दोघेही तंत्रज्ञ. वयाने बरोबरीचे, एकाच प्रशिक्षणातून आलेले. नोकरीची पहिली वर्षे तांब्याच्या तारांत गेली होती. आता नागपूर शहरातल्या एक्सचेंजपासून हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत काचेच्या तंतूंची केबल टाकली गेली होती. तंतू केसाएवढा, आणि त्यातून धावणारा प्रकाश डोळ्यांना न दिसणारा. तो पलीकडे पोहोचला की नाही, हे यंत्रालाच विचारावे लागे.

जोडकाम त्याचे, चाचणी माझी. ही वाटणी कोणी करून दिली नव्हती. माझ्या तळहातांना घाम येई, त्याचे हात कोरडे आणि स्थिर होते. तंतूवरचे आवरण सोलून, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, टोक सरळ छाटून तो दोन टोके यंत्रात समोरासमोर ठेवी आणि ठिणगी पडून ती एकजीव होईपर्यंत श्वास रोखून धरी. मग तो श्वास सोडी आणि म्हणे, "झालं बाप्पा, सोयरीक जमली." त्याचे ते वाक्य ऐकण्यासाठी मी अनेकदा माझे काम टाकून त्याच्याजवळ जाऊन बसत असे.

त्या पावसाळ्यात तो जेवणाच्या सुट्टीत एक लाकडी बैल घडवत होता. लकडगंजच्या आरा मशीनवरून सागवानाचा एक तुकडा त्याने मागून आणला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मुले आपापले चाकांचे बैल सजवून ओढत नेतात आणि घरोघरी बोजारा म्हणून खाऊ, चिल्लर गोळा करतात. गावी, खाप्याला असलेल्या त्याच्या लेकीचा तो पहिलाच तान्हा पोळा. घडवताना बैलाचे एक शिंग मोडले, ते त्याने आम्ही तंतूला कनेक्टर चिकटवायचो त्या डिंकाने बसवले. मग कनेक्टर घासायच्या बारीक कागदाने बैलाचे अंग इतके घासले की मी म्हणालो,

"अबे, आता याच्यातून लाईट पास होते का पाहू काय?"

"हासून घे, हासून घे. माह्या पोरीचा बैल साऱ्या खाप्यात चमकला पाह्यजे."

चाचणीचा शेवटचा दिवस नेमका तान्ह्या पोळ्याला आला. तो हिंगण्याच्या टोकाला होता. तिथल्या केबलच्या खोलीतला शेवटचा जोडही त्यानेच केला होता आणि आता त्याच्या हाती प्रकाश मोजणारे यंत्र होते. मी शहरात, प्रकाश सोडणाऱ्या यंत्रापाशी. बोलायला जुन्या तांब्याच्या तारेवरचा फोन. बैल त्याच्या पिशवीत होता. काम उरकले की हिंगण्याहून नागपूर, आणि तिथून खाप्याची दुपारची एसटी, असा त्याचा बेत होता.

एकामागून एक तंतू चांगले निघाले. शेवटच्या तंतूची जागा रॅकच्या पार कोपऱ्यात होती. यंत्रातला प्रकाश तंतूपर्यंत नेणारी नेहमीची आखूड जोडदोरी तिथवर पुरेना, म्हणून मी लांब दोरी घेतली. तीही काचेच्या तंतूचीच. तिचा जास्तीचा भाग पायात येऊ लागला, तेव्हा मी तो भिंतीवरच्या खिळ्याला आवळून गुंडाळला आणि वर गाठ मारली. तांब्याच्या तारेशी आम्ही नेहमी असेच वागत आलो होतो. तांबे कसेही वळवा, ते बोलत राहते. काचेतला प्रकाश मात्र आवळलेल्या वळणावर बाहेर सांडतो. हे मला ठाऊक होते. नव्या लोकांना ते बजावून सांगणारा मीच होतो.

"काय बे, झोपला काय? उजेड सोड ना," फोनवर त्याचा आवाज आला.

"कधीचाच सोडला."

"मंग इकडे काहून येऊन नाही राहिला? अर्धाही नाही दिसत."

"तुह्या शेवटच्या जोडात असन काही."

"तो तं चांगला जमला होता गा."

"मंग माह्या यंत्रात भूत शिरलं काय?" मी तोऱ्यात विचारले.

तो हसला. "बरं बाप्पा, उघडतो. पोरीले सांगा, बैल लेट आहे म्हणा."

फोन ठेवून मी वळलो आणि मला तो खिळा दिसला. काळजीपूर्वक घातलेले, एकावर एक बसलेले ते नेटके वेढे. काही तपासून पाहण्याची गरजच नव्हती. मी पुन्हा फोन उचलला.

"उघडला काय?"

"झाकण काढून राहिलो. काहून?"

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. "काही नाही," मी म्हणालो, "सावकाश कर."

मग मी गाठ सोडली आणि दोरी जमिनीवर मोठ्या, सैल वळणांत पसरून ठेवली. हिंगण्याला त्याने आपला चांगला जोड कापला आणि नवा करायला घेतला. मध्येच तिथली वीज गेली, यंत्र थांबले. वीज आली, जोड झाला, चाचणी झाली, आणि त्याचा आनंदी आवाज कानात शिरला: "आला बे, पुरा आला! माहाच जोड कच्चा होता."

खाप्याची एसटी तोवर गेली होती. नंतरच्या गाडीने तो घरी पोहोचला तेव्हा पोळा फुटून मुले घरोघरी परतली होती आणि त्याची लेक शेजारच्या मुलाच्या बैलाची दोरी मुठीत धरून झोपी गेली होती.

मी का बोललो नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. साहेबांचे भय नव्हते. ते फार तर हसले असते. मला त्याच्या नजरेतले माझे स्थान जपायचे होते, आणि ते जपण्यासाठी मी त्याच्याच हातांवरचा त्याचा विश्वास खर्ची घातला. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी घरच्या करंज्या आणल्या. "ध्यान पोळ्यात असल्यावर जोड कसा जमन?" असे हसत हसत साऱ्यांना सांगितले. मी त्या करंज्या खाल्ल्या.

त्यानंतर "सोयरीक जमली" हे वाक्य मी ऐकले नाही. प्रत्येक जोडानंतर तो मला बोलावी: "पाहून सांग ना गा, खरंच जमला काय?" पुढे प्रशिक्षण केंद्रात जोडकाम शिकवण्यासाठी त्याला बोलावणे आले. त्याने नकार दिला. "ज्याचा हात एकदा दगा देते, त्यानं दुसऱ्याले काय शिकवावं?" मी त्याची परोपरीने समजूत घातली. त्याला पटली असती अशी एकच गोष्ट होती, ती सोडून सगळे सांगितले.

गेल्या तान्ह्या पोळ्याला मी खाप्याला गेलो. अंगणात त्याचा नातू तोच बैल ओढत होता. माझा मित्र जावयाला ते शिंग दाखवत होता: "पाहा जावईबापू, इतके वर्ष झाले, हे हाललं नाही. पण हिंगण्याचा तो जोड, तो मात्र..." गोष्ट पुढे कशी जाते हे तिथे सर्वांनाच पाठ होते. त्याची लेक दारात उभी राहून हसत होती.

"तो जोड चांगला होता," मी म्हणालो.

"कोणता गा?"

"हिंगण्याचा. तू कापला तो."

त्याने शिंगावरचा हात काढला. "तुले काय माहीत?"

नेहमीप्रमाणे माझ्या तळहातांना घाम आला होता. ते मी पँटला पुसले आणि बोललो. "दोरी म्या खिळ्याले आवळली होती. तू झाकण काढून राहिला होता, तवाच मले दिसलं. फोन हातात होता अन् म्या सांगितलं नाही. तुहा हात कधीच चुकला नव्हता गड्या. अन् पोरी, तुह्या पहिल्या पोळ्याले तुहा बाप नव्हता, तो माह्यापायी. मले माफ करा, दोघंही."