गुरांनी चाटलेली भिंत

नव्या घरासाठी आजीने आपल्या गावाचं एक चित्र पाठवावं आणि ते हिरवंगार असावं, असं तुम्ही दोघांनी फोनवर सांगितलंत. तेव्हापासून माझं मन ठिकाणावर नाही. सकाळी टेबल पुसते, ब्रश लहानमोठे बघून ओळीने मांडते, पाण्याची वाटी उजव्या हाताला ठेवते, हिरवा कालवते आणि उठून दारात जाऊन उभी राहते. बरेच कागद वाया गेले. हिरवा रंग माझ्या हातून सरळ उतरत नाही, आणि त्याला कारण एक भिंत आहे. आधी ती सांगते, मग पुढचा कागद घेईन.

मला चित्र काढायला कुणी शिकवलं नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर माझ्या वडिलांना एकच ध्यास होता, मुलीने शिकायचं, आणि इंग्रजीच शिकायचं. मी शिकले, आणि लग्नानंतर नेकनूरच्या पुढे, आपल्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. पण फळ्यावर झाडाचं स्पेलिंग लिहिता लिहिता खिडकीतल्या बाभळीकडे नजर जायची आणि खडूने तीच उतरायची. पोरं स्पेलिंग विसरायची, बाभूळ ध्यानात ठेवायची. सुट्टीच्या दिवशी मी कागद घेऊन नदीच्या पात्रात जाऊन बसे. पात्राच्या पलीकडे आपला डोंगर. एकाच जागेवरून तोच डोंगर पुन्हा पुन्हा काढायचा आणि घरी येऊन फाडायचा, असं कित्येक वर्षं चाललं. बाकी सगळ्या कामांत मी शिस्तीची, पण डोंगर काही शिस्तीत येत नव्हता.

मग तो मोठा दुष्काळ आला. तुम्हाला त्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण मी माझ्या वाटीपुरतंच सांगते. टँकर आला की पाणी घरात मापून वाटलं जाई. मी माझ्या आंघोळीच्या वाट्यातून एक वाटी रंगासाठी बाजूला काढी. सासूबाई, म्हणजे तुमच्या आजोबांची आई, ते बघत.

"माणसाला प्यायला न्हाई अन् तू पाण्यात रंग कालवतीस? कावून गं?"

"माझ्या आंघोळीचं आहे, आत्या."

"मंग आंघोळ कर की! रंग फासून का माणूस निर्मळ होतंय?"

ती वाटी मी फेकत नसे. त्याच गढूळ पाण्यात ब्रश पुन्हा पुन्हा बुडत, म्हणून निळा, पिवळा, तांबडा, सगळ्यांवर एक मातकट छटा चढे. आधी मी चिडले. मग एके दिवशी कागद डोंगरासमोर धरला, तर डोंगराचा रंग नेमका तोच! पावसाळ्यात कधी न सापडलेला डोंगर मला त्या घाण पाण्यात सापडू लागला होता. लोक आभाळाकडे बघत होते आणि मी डोंगराकडे बघून मनातून हरखत होते. त्या हरखण्याने मला स्वस्थ बसवेना.

तुमचे आजोबा गावच्या दूध सोसायटीत सेक्रेटरी होते. दूध आटलं होतं, कॅन अर्धे जात होते, आणि दुधाची गाडी यापुढे आपल्या गावाला वळवायची की नाही ते बघायला जिल्ह्याचे साहेब यायचे होते. सोसायटीचे चेअरमन गावातले मोठे जमीनदार. ते स्वतः आमच्या दारात आले.

"बाई, सोसायटीची रस्त्याकडची भिंत तुमच्या हवाली. हिरवं काढा. गवत, धष्टपुष्ट गाय. साहेबाला बघून गार वाटलं पायजे."

एवढी मोठी भिंत मला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती, हे मला तिथेच कळलं. मी म्हणाले, "गवत काढते. पण वर डोंगर काढीन, आणि तो आहे तसाच."

"वाळका डोंगर? लोकं सकाळ-सांज तेच बघत्यात, भिंतीवर अजून कशाला?"

"डोंगर नसेल तर भिंत दुसऱ्या कुणाला द्या, चेअरमनसाहेब."

आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या नजरेत त्यांची नोकरी दिसली. चेअरमन मात्र हसले. "आधी काढा तर. साहेब यायच्या आधी मी बघतो. पटला न्हाई तर डोंगर बी हिरवा करायचा. कबूल?"

मी कबूल म्हणाले आणि त्या घटकेपासून माझी झोप गेली.

भिंतीला आधी चुना दिला. आपल्याकडे घर सारवताना-रंगवताना चुन्यात मीठ घालतात, म्हणजे तो अंगाला-कपड्याला लागत नाही. मी मीठ हात सैल सोडून घातलं. खालच्या गवताच्या हिरव्या पुडीतही तोच खारा चुना कालवला. वरचा डोंगर तांबडी काव, काजळी आणि पात्रातल्या मातीने, डिंकाच्या पाण्यात काढला. गवत आणि त्यातली गाय एका सकाळी उरकली. डोंगराला मात्र मी शाळा सुटली की रोज चढत होते. शिडीवरून उतरायचं, रस्ता ओलांडून बघायचं, परत चढायचं. डोंगराच्या अंगावरच्या एका घडीची सावली काही केल्या बसेना.

चेअरमननी बघितलं. "गवत लई झ्याक. डोंगर न्हाई पटला. परवा साहेब येणार, उद्या हिरवा करून टाका."

दुसऱ्या दिवशी मी हिरवी पुडी घेऊन गेले, तर भिंतीपाशी ही गर्दी. चारा छावणीकडे निघालेली गुरं भिंतीला भिडली होती आणि माझं गवत चाटत होती. खरखरीत जिभांनी हिरवा रंग भराभर उतरत होता. शिरूर कासारकडून सोयऱ्यांकडे गुरं घेऊन आलेली एक बाई आपल्या गाईचं दावं ओढून ओढून थकली होती. "अगं सटवे, भिंत हाय ती, भिंत!"

चेअरमन तर आनंदाने लाल झाले होते. "बघा रे! बाईनं असं गवत काढलं की जनावर बी फसलं!"

"चेअरमनसाहेब, जनावर फसलेलं नाही," मी म्हणाले. "चुन्यात मीठ आहे. वाळल्या चाऱ्यावर त्यांना मिठाची हाव सुटली आहे."

"बाई, तुमी गप ऱ्हावा. लई लहानपण नगा घेऊ."

कुणी ऐकेना. मिठाची गोष्ट साधी होती, फसलेल्या गाईची गोष्ट रंगतदार होती. शेजारच्या गावातून माणसं मुद्दाम गुरं घेऊन आली. आयुष्यात पहिल्यांदा लोक मला चित्रकार म्हणत होते आणि मला पळून जावंसं वाटत होतं. मी जे चित्र मनाविरुद्ध काढलं, त्याचंच कौतुक चाललं होतं, आणि तेही मिठाचं.

सासूबाई भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "गवताला कुणी बी चाटंल," त्या म्हणाल्या. "त्यो डोंगर मातर आपलाच हाय. उन्हाचा डोळ्यावर येतोय." एवढं बोलून घरी गेल्या. वाटीबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत गुरांची मान पोचेल तिथवर गवत साफ झालं. गाय गेली, तिचे नुसते कान आणि शिंगं राहिली. खाली ओली, करडी भिंत, आणि वर, जिभेच्या आवाक्याबाहेर, डोंगर. चेअरमन धावत आले. डोंगर हिरवा करायचं ते विसरूनच गेले होते. "बाई, गवत! सकाळच्या आत गवत परत काढा!"

"काढलं तर परत चाटतील," मी म्हणाले. "चुना पोटात जाणं बरं नाही. भिंत राहू द्या. छावणीत खडेमीठ ठेवा."

चेअरमन भिंतीकडून वळले. मग आजोबांना म्हणाले, "सेक्रेटरी, मिठाचं पोतं मागवा." गुरांना खरंच मीठ हवं होतं, एवढं त्यांना पटलं होतं. फसलेल्या गाईची गोष्ट ते तरीही पुढे सांगत राहिले.

साहेब आले. भिंतीसमोर थांबून त्यांनी विचारलं, "हे अर्धं का?" आजोबा म्हणाले, "साहेब, खालचं गुरांनी खाल्लं." साहेब हसले नाहीत. वरच्या डोंगरावरून नजर फिरवून मागच्या खऱ्या डोंगराकडे त्यांनी बघितलं आणि छावणीत किती गुरं आहेत ते विचारलं. दुधाची गाडी पुढेही येत राहिली. त्यात भिंतीचा वाटा होता असं मी म्हणणार नाही.

पुढे सोसायटीची नवी इमारत झाली, तेव्हा ती भिंत पडली. मी पात्रात जाऊन बसणं थांबवलं नाही. डोंगराच्या त्या एका घडीची सावली अजून बसलेली नाही, आणि ती बसल्याशिवाय मला चैन पडत नाही.

म्हणून तुमच्या घरासाठी डोंगरच येईल, मातकट. आज वाटीतलं पाणी मी बदललेलं नाही. ऊन उतरायच्या आत पात्रात पोचायचं आहे, तेव्हा इथेच थांबते.