हळू आवाजातला पुकारा

उस्मानाबादच्या कोर्टात मी एका वकिलांकडं कारकून होतो, तेव्हा पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायला एक पट्टेवाला होता. त्याचा आवाज पार एसटी स्टँडपर्यंत जायचा, आणि आपली मतंही तो त्याच आवाजात सांगायचा. दुपारच्या चहाला आमच्या वकीलसाहेबांशी त्याचा वाद ठरलेला. साहेब म्हणायचे, "सरकारनं माणूस मारू नये. उद्या चूक निघाली तर जीव परत कुठनं आणायचा?" मिशीला लागलेला चहा पुसत तो म्हणायचा, "ज्यानं मारलं त्यानं मरावं, साहेब. फाशीच बरी."

एकदा बेंबळीकडच्या एका तरुणाला खुनाच्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली. निकालानंतर त्याची आई व्हरांड्यातच बसून राहिली. पट्टेवाला तिच्याजवळ फरशीवर बसला आणि कधी नव्हे इतक्या हळू बोलला, "मावशी, आजून हायकोर्ट हाय. त्यांनी मंजूर केल्याबिगर फाशी होत न्हाय. उठा, दोन घास खावा."

पुढं हायकोर्टानं फाशीची जन्मठेप केली. कळल्याबरोबर तो सायकल मारत तिच्या गावी गेला. दुसऱ्या दिवशी फडकंभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला आणि सगळ्या कचेरीत वाटत सुटला.

"काय हो, तुमची फाशी हरली की," वकीलसाहेब म्हणाले.

"हारली तर हारली." त्यांच्या टेबलावर ओंजळभर शेंगा ठेवत तो म्हणाला, "म्हातारी हसली, साहेब. तोंडात एक दात न्हाय, पर लई हसली."