केसरबाईची खरी तारीख

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५. चिखली.
सकाळी गारठा. नळ सव्वासातला आला, पाऊण तास चालला. केसरबाईसाठी १९७० सालची डायरी पुन्हा पाहिली, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. काही नाही. अकोल्याहून राजकुमारचा फोन. सदर पुन्हा लिहिण्याचे हो की नाही ते संध्याकाळी सहापर्यंत सांगायचे.

एवढे लिहून पुष्पाबाईंनी पेनाचे टोपण लावले. रोज लिहायची ही सवय अमरावतीच्या कॉन्व्हेंटातली. सिस्टर दर शनिवारी वह्या बघत. घडले ते लिहा, वाटले ते लिहू नका, असा त्यांचा नियम होता. १९६८ पासूनच्या सगळ्या डायऱ्या लोखंडी कपाटात ओळीने उभ्या होत्या. यजमान गेले त्या दिवसाचेसुद्धा पान कोरे नव्हते.

लिहिण्यावरच त्यांचे आयुष्य गेले होते. नोकरी कुठली नाही. अकोल्याच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत अडतीस वर्षे सदर. सुरुवातीच्या काळात यजमान गुरुवारी दुपारी मजकुराचे पाकीट घेऊन एसटी स्टँडवर जायचे आणि कंडक्टरच्या हातात द्यायचे. पाकीट पोचले की नाही ते रविवारी पेपर उघडला की कळायचे. 

यंदाच्या जूनमध्ये त्यांनी एक जूनच्या वाढदिवसांवर लिहिले. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता येत नसे. मग गुरुजी एक जून टाकून मोकळे होत. त्यामुळे निम्मा तालुका एकाच दिवशी जन्मलेला. लेख लोकांना आवडला. तिसऱ्या दिवशी रिटायर पोस्टमन इंद्रभान ओसरीवर येऊन उभे राहिले.

"बाई, हसवलं तुम्ही. पण माही खरी तारीख कोण सांगन?"

पुष्पाबाईंनी इंद्रभानांना बसवले, चहा दिला आणि विचारत गेल्या. आई काय सांगायची? कोणते पीक उभे होते? गावात तेव्हा काय घडले होते? जुनी पंचांगे, गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी असे करत करत तीन आठवड्यांनी तारीख हाती लागली. इंद्रभानांनी ती दोनदा वाचली आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्या महिन्यात पुष्पाबाईंनी सदर बंद केले आणि ओसरीवर पाटी लावली: 'खरी जन्मतारीख शोधून मिळेल. सांगितलेले कुठेही छापले जाणार नाही.'

दुसरे वाक्य त्यांना लिहावेच लागले. तारीख शोधताना लोक काय काय सांगत! कोण कोणाच्या घरात जन्मले, कोणाची आई कोणत्या रागाने माहेरी निघून गेली. छापले जाणार म्हटले असते तर ओसरीवर कुणी टेकले नसते. आणि राजकुमारला, पुरवणीच्या नव्या संपादकाला, सदरात नेमके तेच हवे होते. "मॅडम, पहिलं पान देतो. तुमच्या फोटोसकट." पुष्पाबाईंनी लगेच नाही म्हटले नाही. रविवार आला की त्यांचा हात अजून आधी पुरवणीकडेच जायचा.

साडेनऊला केसरबाई आली. वीस वर्षे ती घरात धुणेभांडी करत होती. तिची आई रुखमाबाई पुष्पाबाईंच्या माहेरी, सुलतानपूरला, हेच काम करायची. नातीने, छकुलीने, केक कापताना विचारले होते, "आजी, तुहा कधी?" तेव्हापासून केसरबाईने ध्यास घेतला होता.

"सापडली काय बाई?"

"सत्तर साल पालथं घातलं. दिवाळी होऊन गेली होती म्हणतेस ना?"

"हाव. माय म्हणे, बाईच्या घरी नवा कुकर आला अन् तू आली. शिट्टी आयकाले गल्ली जमली होती म्हणे."

"अगं, मग हे आधी काऊन नाही सांगितलं?" पुष्पाबाईंच्या तोंडून माहेरची बोली निसटली.

"कुकराचं काय सांगाव बाप्पा!"

पण घरात आलेली वस्तू डायरीत नाही असे कधी झालेच नव्हते. कुकर १९७१ मधला निघाला. गुरुजींनी तारखेबरोबर सालही मनाचेच टाकले होते. दोन पाने पुढे, २६ ऑक्टोबरला, दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या सतरा वर्षांच्या पुष्पाचे गोल अक्षर होते. पुष्पाबाईंनी आधी मनात वाचले आणि थांबल्या.

"काय लिहेल आहे? वाचा ना."

तारीख सांगून वही मिटता आली असती. पण वीस वर्षे घरात राबलेली बाई समोर हात पुसत उभी होती. त्यांनी वाचले: "रुखमाबाई आली नाही. पहाटे तिसरी मुलगी झाली. नवरा रागाने गोठ्यात जाऊन झोपला. भांडी मला घासावी लागली, दोन्ही वेळची. हात राखेने काळे झाले. फार राग आला. (हे सिस्टरना चालणार नाही.)"

केसरबाई खाली बसली.

"गोठ्यात," ती म्हणाली. "माहा बाप मले खांद्यावर बसवून बाजारात नेत जाय, बाई. माह्या मायनं हे कधीच नाही सांगितलं."

पुष्पाबाईंनी वही मिटली. तेवढ्यात केसरबाईच्या ओठाचा कोपरा हलला.

"अन् तुम्ही घासले काय भांडे? माह्या पायी?"

"चार दिवस."

"अरे बाप्पा!" ती पदर तोंडाला लावून हसत सुटली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. मग एकदम गंभीर झाली. "बाई, हे पेपरात नाही ना देत? गोठ्याचं? बाप राह्यला नाही आता. दोघी बहिणी वाचतीन."

"नाही देत," पुष्पाबाई म्हणाल्या. राजकुमारला द्यायचे, सकाळपासून न सापडलेले उत्तर एवढे सोपे होते.

त्यांनी कोऱ्या कार्डावर फक्त तारीख आणि वार लिहून दिला. केसरबाईने ते ब्लाउजमध्ये ठेवले आणि दारातून परत फिरली. "म्हंजे मागच्या महिन्यात होऊन गेला की! छकुलीले काय सांगू?"

"चोपन्न वर्षं उशीर झालाय. आणखी तीन आठवडे काय!"

सहाला पाच कमी असताना, दूध तापत ठेवून, त्यांनी स्वतःच फोन लावला. राजकुमार ऐकेना. "मॅडम, नावं बदलून छापू. कुणाला कळणार?"

"जिचं आहे तिला कळेल ना."

"मग तुम्ही परत लिहिणारच नाही?"

"तुमच्यासाठी नाही, बाळा." अडतीस वर्षांचे रविवार होते ते. राजकुमार मग जुन्या लेखांची चौकशी करत बसला आणि त्याही सांगत बसल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी डायरीत लिहिले: दूध उतू गेले, अंदाजे पाव लिटर. शेगडी पुसली. उद्या विरजणाला पुरणार नाही.