विहीणबाईंसाठी एक शब्द

धुळ्याहून जळगावला जाताना मी बसमध्ये इंग्रजीचे पाच अवघड शब्द पाठ करते, हा माझा नेम आहे. एकदा शेजारच्या आक्कांनी बडीशेप चघळत माझ्या मोबाइलमध्ये मान घातली.

"ताई, माले एक भारी शब्द दे. मनी इहीन साखरपुडामा बठ्ठा लोकस्ना समोर माले इललिटरेट म्हनी गई. आज तिनाच घर जेवन शे."

मी यादी चाळू लागले, तशी आक्कांनी अट घातली, "आयकाले शिवी वाटाले पाहिजे, अर्थ काढा ते कौतुक!"

इतकी वर्षं मी शब्द नुसते साठवत होते. गिऱ्हाईक आज भेटलं.

"पल्क्रिट्यूडिनस," मी म्हणाले. "म्हणजे फार देखणी."

पारोळा येईपर्यंत आक्का बडीशेपेबरोबर तो शब्दही चघळत होत्या. तेवढ्यात कंडक्टर जवळ आला. आक्कांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि ठसक्यात म्हणाल्या, "तू मोठा पल्क्रिट्यूडिनस शे रे!"

कंडक्टर दचकून मागे सरला. "आक्का, मी काय वाईट केलं? शिव्या कशाला देता?"

आक्कांनी मला हळूच कोपर मारलं.

"हाऊ शब्द चाली जाई," त्या म्हणाल्या.