सासऱ्याला कामाला लावणारी सून

उज्जैनच्या माधव नगरात, म्हणजे लोकांच्या तोंडी फ्रीगंजमध्ये, आम्ही भाड्यानं राहत होतो आणि आमच्या खाली एका चिनी दंतवैद्यांचा दवाखाना होता. मी लग्न होऊन तिथं आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. म्हातारे डॉक्टर तरुणपणी चीनहून कलकत्त्याला आणि तिथून, का ते कुणालाच ठाऊक नव्हतं, उज्जैनला आले होते. निम्म्या गावाच्या तोंडात त्यांच्या हातच्या कवळ्या होत्या.

मग ते विसरायला लागले. एकदा एका बाईंचा दुखरा दात सोडून शेजारचा चांगला दात उपटायला निघाले, तेव्हा मुलानं त्यांचा हात धरला. त्या दिवसापासून पेशंट मुलगा बघू लागला.

आमच्या मराठी घरांत अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असे. म्हाताऱ्या माणसाला आरामखुर्चीत बसवायचं, चहा जागेवर द्यायचा आणि हातातलं काम हळूच काढून घ्यायचं. यालाच आम्ही सेवा म्हणायचो. माझे सासरे, म्हणजे मामंजी, सरकारी दफ्तरात होते. एकाच टेबलाशी बसून त्यांनी संस्थान पाहिलं, मध्यभारत राज्य पाहिलं, आणि मध्य प्रदेश होऊन कचेरी भोपाळला निघाली तेव्हा ते निवृत्त झाले. दुसऱ्याच सकाळी दूध आणायला निघाले, तर मी त्यांच्या हातातून बरणी काढून घेतली. आता तुम्ही काहीही करायचं नाही, असं बजावलं. शेजारणींनी माझी तारीफ केली आणि मी मूठभर मांस चढल्यासारखी वावरू लागले. मामंजी दिवसभर गॅलरीत बसून रस्ता बघत. वर्षभरात तेही एकच गोष्ट दोनदोनदा विचारू लागले होते. वयाचं आहे, असं आम्ही म्हणालो.

खालचा कारभार मात्र निराळा होता. डॉक्टरांची सून माझ्याच वयाची, कलकत्त्याला जन्मलेली, हिंदी चांगलं बोलायची. मी तिला भाभी म्हणायचे. ती सासऱ्यांना सकाळी मेणाचा गोळा द्यायची आणि त्यातून एक दाढ कोरून घ्यायची. दुपारी लसूण सोलायला बसवायची. चारच्या सुमाराला हातात पिशवी देऊन भाजीबाजारात पाठवायची, आणि परतल्यावर बाजारात काय काय पाहिलं ते सगळं त्यांच्या चिनी भाषेत सांगायला लावायची. ती मेणाची दाढ संध्याकाळी वितळवून सकाळी तोच गोळा पुन्हा त्यांच्यापुढं ठेवते, हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि मला तिचा भयंकर राग आला. म्हाताऱ्या माणसाची कसली ही थट्टा?

दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची माझी सवय जुनी. मी त्यांना बाजाराच्या वाटेवरच गाठून पिशवी घेतली, त्यांना ओट्यावर बसवलं आणि भाजी आणून दिली. असं चार दिवस केलं. पाचव्या दिवशी भाभी वर आली. चहा घेतला, माझ्या लोणच्याचं कौतुक केलं आणि मग शांतपणे म्हणाली, "बहन, आप बाबा का काम मत किया करो. काम चला जाएगा तो पीछे-पीछे बाबा भी चले जाएँगे."

मी पिशवी घेणं बंद केलं, पण मनातून काही पटलं नाही. त्यात एक दिवस ते बाजारातून परतलेच नाहीत. दिवेलागणीपर्यंत सगळं फ्रीगंज त्यांना शोधत होतं. सापडले ते रेल्वे रुळांच्या पार पलीकडे, नदीवरच्या राम घाटावर. एका पंड्यानं त्यांना आपल्या छत्रीखाली बसवून चणे दिले होते आणि रीतीप्रमाणे गाव विचारून वंशावळींची वही उघडली होती. देशभरातल्या यजमानांची गावं त्या वहीत असतील, पण डॉक्टरांचं चीनमधलं गाव काही त्याला मिळेना. डॉक्टर म्हणाले, घराजवळ नदी होती, म्हणून नदीपर्यंत आलो.

त्या रात्री सगळ्यांनी भाभीला फैलावर घेतलं. सगळ्यांत जास्त मी. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय? तुझा स्वतःचा बाप असता तर असा पाठवला असतास का, इथपर्यंत मी बोलले.

आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता डॉक्टर पुन्हा पिशवी घेऊन निघाले. मी संतापून गॅलरीत आले, तर त्यांच्या मागं वीसेक पावलांवर छत्री आडवी धरून भाभी चाललेली. ते थांबले की ती थांबे, कुणाच्या तरी दुकानात वळे. मी तिला परतल्यावर गाठलं. तेव्हा कळलं की हे पहिल्या दिवसापासून चालू होतं, पाऊस असो वा ऊन. फक्त काल तिच्या लहान मुलाला ताप होता म्हणून ती जाऊ शकली नव्हती. कालच्या माझ्या बोलण्यावर तिनं हे सांगितलं असतं तर माझं तोंड तिथंच बंद झालं असतं. पण मग सासऱ्यांनाही कळलं असतं ना, म्हणाली. मला इतकी लाज फार थोड्या वेळा वाटली आहे.

पुढं काही महिन्यांनी तिचा पाय मुरगळला. तिनं मला बोलावून विचारलं, आज तुम्ही जाल का? एकच अट घातली. ते अडले तरी जवळ जायचं नाही, चुकीच्या रस्त्याला लागले तरच हाक मारायची.

येताना कोपऱ्यावर ते अडले. इकडे बघत, तिकडे बघत. एक टांगा गेला, दोन सायकली गेल्या. मी एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर उभी होते आणि पाय आपोआप पुढं जात होते. आयुष्यात मी कुणाला मदत न करण्यासाठी एवढा जोर लावला नव्हता. मग त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि बरोबर आपल्या गल्लीत वळले.

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. मामंजी गॅलरीतच होते. कुठं गेली होतीस, असं त्यांनी विचारलं, आणि मी इतकी खुश होते की सगळं भडाभडा सांगून टाकलं. मेणाची दाढ, वीस पावलं, कोपरा.

मामंजी म्हणाले, "सूनबाई, माझं काय चुकलं होतं, म्हणून मला बसवून ठेवलंस?"

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी त्यांना मेथीची जुडी आणायला सांगितलं. त्यांनी कोट घातला, टोपी घातली, कचेरीला निघाल्यासारखे जिना उतरले. ते कोपऱ्यावर पोचेपर्यंत थांबून मी पायात चपला अडकवल्या.