दोन लाथांचं दार

कॅनडातल्या रिचमंड हिलच्या त्या गल्लीत हान श्युमेईला सगळे गरीब, अबोल म्हातारी समजत. इंग्रजीचे दहा-बारा शब्द, त्यातले निम्मे भाज्यांचे. लेक युन कामावर गेली की ती परसात माती उकरत बसे. शेजारची सुरेखा मूळची नागपूरची. ती तिला मावशी म्हणे आणि कुंपणावरून कोथिंबीर देई, बदल्यात लसणाच्या पातीची जुडी मिळे. मावशीचा उजवा खांदा डाव्याहून खाली का उतरलाय, हे सुरेखाने कधी विचारलं नव्हतं.

श्युमेई चीनमधल्या शान्शी प्रांतातल्या पिवळ्या मातीच्या एका खेड्यातली. गाव लहान, पण देवळं तीन, आणि तिन्ही कित्येक पिढ्यांची. सगळ्यांत जुनं पाऊस पाडणाऱ्या ड्रॅगन राजाचं. त्याच्या भिंतीवरच्या चित्रात ढगांवर बसलेले देव होते, आरशांनी वीज पाडणारी बाई होती, आणि खाली डोक्यावर टोपली धरून पळणारी गावातली माणसं.

तिचा नवरा ग्वो देशान त्या देवळाची राखण करी. त्याच्या आधी त्याचा बाप करायचा. देशान पोर असताना, सांस्कृतिक क्रांतीच्या दिवसांत, दंडाला लाल पट्टे बांधलेल्या तरुणांची टोळी गावात शिरली. त्यांनी मूर्ती घणाने फोडल्या आणि पुजाऱ्याला अंगणात गुडघ्यांवर बसवून त्याच्याच झाडूच्या दांड्याने मरेस्तोवर झोडपलं. भिंत तेवढी वाचली, कारण देशानच्या बापाने आदल्या दिवशीच तिच्यावर चिखल-चुना लिंपून वर लाल घोषणा लिहून ठेवल्या होत्या. पुढे दिवस पालटल्यावर तो लेप देशानने ओल्या फडक्याने, बोटाबोटाने उतरवला. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी नवऱ्याची नुसती पाठच पाहिली, असं श्युमेई हसून सांगायची.

मक्याच्या कापणीचे दिवस होते. सगळं गाव शेतात. एक पांढरी व्हॅन देवळापाशी थांबली आणि चार माणसं उतरली. सरकारी खात्यातून आलोय, म्हणाली. देशानने त्यांचे बूट पाहिले, गाडीतली करवत पाहिली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरली.

श्युमेई जेवण घेऊन पोचली तेव्हा तो पायरीवर आडवा होता. एकजण त्याच्या मुठीवर पहारीने घाव घालत होता. बोटांचा चेंदा झाला होता, तरी मूठ उघडत नव्हती.

"देऊन टाक!" ती ओरडली. "देशान, देऊन टाक त्यांना!"

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

मग पहार त्याच्या डोक्यात बसली. श्युमेईने कमरेचा विळा उपसला आणि त्या माणसाच्या तोंडावर चालवला. कान लोंबला, तो गुरासारखा ओरडला. दुसऱ्याने तिच्या खांद्यात दांडा घातला. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. ती नवऱ्याशेजारीच कोसळली.

त्यानंतर त्यांनी किल्ली मागितलीच नाही. दाराला दोन लाथा घातल्या. जुनं लाकूड, वाळवीने पोखरलेलं. दुसऱ्या लाथेला दार आत पडलं. करवतीने ती वीज पाडणारी बाई भिंतीतून कापून काढली. ते काम संपेपर्यंत देशानचा श्वास घरघरत होता. व्हॅन निघून गेल्यावर तो थांबला.

चोर पकडले गेले, चित्र मिळालं नाही. गावाने देशानच्या नावाचा दगड उभारला, भाषणं झाली. श्युमेई त्या समारंभाला गेली नाही. गाव तिला नावं ठेवू लागलं, तेव्हा युन तिला कॅनडाला घेऊन आली.

जानेवारीतल्या एका शनिवारी भर दुपारी सुरेखाचा नवरा मिलिंद ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होता. नवी गाडी त्याने आधीच घासूनपुसून ठेवली होती. शेजारी श्युमेईही आपल्या दारातला बर्फ ओढत होती. एक कार समोर करकचून थांबली. तोंडाला मास्क लावलेली दोन पोरं उतरली. एकाच्या हातात हातोडा.

"कीज! कीज!"

मिलिंदने खिशातून चावी काढली ती द्यायला नव्हे, मुठीत आवळायला. हातोडा त्याच्या गालावर बसला, मग बरगड्यांत. तो बर्फात पडला, दात थुंकला आणि मराठीतच ओरडला, "देत नाही जा! काय करायचं ते करा!"

फावडं घेऊन म्हातारी धावत आली. आल्या आल्या तिने एकाच्या गुडघ्यावर फावड्याची कड हाणली. तो किंचाळत बसला. दुसऱ्याने हातोडा फिरवला, तो तिने हातावर झेलला. हात मनगटाच्या वर लोंबकळला. पण ती मागे सरली नाही. ती मिलिंदच्या छातीवर चढून बसली आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावली. तो बोंबलला, तिला ढकलू लागला. तिने दात आणखी रुतवले. तोंडात रक्त आलं. मूठ सुटली. तिने चावी उचलून पोरांकडे भिरकावली.

"गो!" ती ओरडली. "टेक! गो!"

गाडी गेली. सुरेखा दारातून अनवाणी धावत आली तेव्हा ती म्हातारी मिलिंदला सोडायला तयार नव्हती.

हॉस्पिटलमध्ये मिलिंद धुमसत होता. गालाचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या, बोलताना जबडा कळ मारत होता. "तिनेच दिली चावी! मी सोडली नसती!"

"माहितेय मला, तू सोडली नसतीस," सुरेखा म्हणाली आणि रडू लागली.

संध्याकाळी युन त्याला भेटायला आली. तिने आईच्या वतीने माफी मागितली आणि मग बापाची सगळी हकीगत सांगितली. दोन लाथांपर्यंत आली तेव्हा मिलिंदने डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर, चालता येऊ लागल्याच्या पहिल्याच दिवशी तो शेजारी गेला. म्हातारीचा हात प्लास्टरमध्ये होता. तिने त्याला बसवलं, चहा दिला, मग त्याचं मनगट ओढून आपल्या दातांचे वळ निरखले. मिलिंदने युनला विचारलं, "आई अजून रागावल्यात का त्यांच्यावर? तुमच्या बाबांवर?"

युन घुटमळली, पण तिने विचारलं. श्युमेई बराच वेळ बोलत राहिली. बोलता बोलता तिने एकदा टेबलावर थाप मारली, एकदा नाक पुसलं.

"आई म्हणते, पुष्कळ वर्षं राग होता," युनने सांगितलं. "रोज भांडायची मनातल्या मनात. पण बाबा गेले तेव्हा साठीचे होते, आता तीच त्यांच्यापेक्षा मोठी झाली. लहान माणसावर किती दिवस रागवायचं, म्हणते."

मिलिंदला हसू आलं, आणि गाल दुखला म्हणून तो कळवळला. म्हातारी ताडकन उठली, आत गेली आणि चावावी न लागणारी भाताची पातळ पेज वाडग्यात घेऊन आली. तो संपवेपर्यंत समोर उभी राहिली.