माझी सही आणि केळव्याची विहीर

आमच्या ठाकूरद्वारच्या गल्लीत मला 'अर्धे वकील' म्हणत. पूर्ण का नाही, असं मला वाटे. अर्धे तरी का, हा प्रश्न फार उशिरा पडला. फोर्टातल्या एका सॉलिसिटरांच्या कचेरीत मी हेडक्लार्क होतो. आमचे अशील बहुतेक पारशी. त्यांची मृत्युपत्रं, ट्रस्ट आणि भांडणं यांत माझी सव्वीस वर्षं गेली आणि जगातला सगळा कायदा आपल्या खिशात आहे अशी माझी समजूत झाली.

माझा आवडता किस्सा एका पारशी म्हातारीच्या नर्सचा. म्हातारीने राहती जागा तिच्या नावे लिहून ठेवली, पण साक्षीदार म्हणून सही केली ती नर्सच्या नवऱ्याने. ज्याला किंवा ज्याच्या बायकोला मृत्युपत्रातून काही मिळायचं, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. झाला तर मिळणारं जातं. नर्सच्या हाती धुपाटणं आलं. हा किस्सा मी लग्नामुंजीच्या पंगतीत सांगे, बारशाला सांगे, आणि शेवटी म्हणे, "सही करायलासुद्धा अक्कल लागते."

आता माझी अक्कल ऐका.

माझी बायको नलू. तिची आई लहानपणीच गेली आणि तिला वाढवलं सरोजिनीमावशीने. मावशी विधवा, मूलबाळ नाही. केळव्याला तिची वाडी होती: नारळ, सुपारी, पानवेलीचे थोडे वाफे आणि बांधीव विहीर. त्या विहिरीत मावशीने नलूच्या कमरेला सुके नारळ बांधून तिला पोहायला शिकवलं होतं. चोपन्न साली, मुंबईत आमच्याकडे राहत असताना, मावशीने मृत्युपत्र करायचं ठरवलं. वाडी नलूला, एवढं एकच वाक्य लिहायचं होतं. मी चार पानं लिहिली.

साक्षीदार दोन लागतात. एक मावशीचे डॉक्टर चिंतामणी. दुसरे म्हणून खालच्या मजल्यावरच्या माधवरावांना बोलवा, असं मावशी म्हणाली. माधवरावांची सही म्हणजे कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखी. माझ्या सहीला शेवटी तीन वळणांची शेपटी आहे, आणि इतक्या सुंदर दस्तऐवजावर ती नसावी हे माझ्या मनाला पटेना. मी शाई भरली आणि सही ठोकली. मावशी चष्मा लावून बघत राहिली आणि म्हणाली, छान आहे. मला दिवसभर भूक लागली नाही, इतका आनंद झाला.

मावशी गेली पंचावन्नच्या डिसेंबरात. तेराव्याच्या जेवणात कुणीतरी म्हणालं, कमलाकांतराव, तो नर्सचा किस्सा होऊन जाऊ द्या. मी सुरू केला. नर्सच्या नवऱ्यापर्यंत आलो आणि घास घशात अडकला. नलू पाणी घेऊन धावली. मावशीच्या आठवणीने माझा कंठ दाटला असं सगळ्यांना वाटलं, आणि पंगतीतल्या दोघीतिघींनी डोळे पुसले.

मुंबईत केलेल्या मृत्युपत्राला हायकोर्टाचं प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. तो मिळेपर्यंत वाडी नावावर चढत नाही. आता कोर्टापुढे माझी शेपटीदार सही जाणार, नलूची वाडी रद्द होणार आणि ती मावशीच्या दिराच्या मुलाकडे, हेरंबकडे जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आमच्या साहेबांना विचारलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. पण विचारायचं म्हणजे मूर्खपणा कबूल करायचा. मी गप्प बसलो. नलूला तर बोललोच नाही. ती रोज विचारायची, कागदाचं कुठवर आलं, आणि मी कोर्टाच्या नावाने खडे फोडायचो.

जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत असं जाहीर झालं आणि शहर पेटलं. गोळीबार, कर्फ्यू, हरताळ. मुंबई कुणाची यावर माणसं छातीवर गोळ्या झेलत होती, आणि मी वाडी कुणाची या काळजीने पलंगावर पडून होतो. पुढे अशाच एका हरताळाच्या दिवशी, ट्राम बंद, बस बंद असताना, हेरंब चिंचपोकळीहून चालत आमच्या दारात आला. गिरणीच्या ऑफिसात कारकून, चार मुली, दोन खोल्या. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. अशा दिवशी इतकी पायपीट करून माणूस येतो तो भांडायलाच, असं मी ताडलं. पाणी प्यायला, मावशीबद्दल दोन शब्द बोलला आणि मग म्हणाला, "भाऊजी, मृत्युपत्रावर साक्षीदार कोण कोण आहेत?"

माझं धाबं दणाणलं. याला कुणीतरी कलम दाखवलंय. याने कोर्टात हरकत घेतली तर सगळीच वाडी जाईल. सव्वीस वर्षांचा अनुभव पणाला लावून मी तिथल्या तिथे बेत केला.

"हेरंब," मी म्हणालो, "निम्मी वाडी तुझी. विहिरीकडची."

विहीर का म्हणालो? घाबरलेला माणूस चांगलं ते आधी देऊन मोकळा होतो. हेरंब माझ्याकडे बघत राहिला आणि रडायलाच लागला. नलू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हेरंब गेल्यावर फक्त म्हणाली, तुमच्या मनात आलंय तर तसंच करू.

गिरगावातल्या एका वकिलांकडून अर्ज केला. त्यांनी माझ्या सहीकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. कोर्टानेही नाही. प्रोबेट बिनबोभाट मिळालं. सबंध हायकोर्टात हे कलम माहीत असलेला मी एकटाच, असं मला वाटलं आणि थोडा अभिमानही वाटला. ठरल्याप्रमाणे नलूने निम्मी वाडी हेरंबला बक्षीस लिहून दिली. दर उन्हाळ्यात आम्ही केळव्याला जायचो तेव्हा ती कळशी घेऊन कुंपणापाशी उभी राहायची आणि हेरंबच्या बायकोकडे पाणी मागायची.

साठ साली महाराष्ट्र झाला त्याच महिन्यात दादरच्या एक कमलाबाई आमच्या कचेरीत आल्या. नवऱ्याने घर मुलाला ठेवलेलं, आणि साक्षीदार तोच मुलगा. मी चष्मा काढला, त्यांना नर्सचा किस्सा सांगितला आणि घर गेलं म्हणून समजा, असं गंभीरपणे सुनावलं. बाई रडू लागल्या. आवाज ऐकून आमचे धाकटे साहेब, अच्युतराव, बाहेर आले.

"कमलाकांतराव, ते कलम पारशांना, ख्रिश्चनांना. हिंदूंच्या मृत्युपत्राला ते लागतच नाही," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हणालो, माहीत होतं, विसरलो. त्या दिवशी मी फोर्टापासून ठाकूरद्वारपर्यंत चालत आलो आणि वाटेत स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

घरी आल्यावर नलूला सगळं सांगितलं. नर्स, सही, हेरंबची भीती, कलम. विहिरीवरून ती मला सोलून काढेल अशी माझी तयारी होती. ती भाजी निवडत होती. हातातली भाजी खाली ठेवून तिने मान वर केली.

"म्हणजे तुम्हाला त्याची दया आली नव्हती?"

नव्हती, अशी मी मान हलवली.

"साक्षीदार लांबचे असतील तर रजा काढून त्यांना कोर्टात घेऊन येईन, एवढंच विचारायला आला होता तो. त्याच्या बायकोने मला मागेच सांगितलं," ती म्हणाली. "विहिरीचं मला वाईट वाटलं होतं. पण चार मुलींचा बाप बघून माझ्या नवऱ्याला राहवलं नाही, हे मी चार वर्षं सगळ्यांना सांगत होते. विहिरीपेक्षा मला ते मोठं वाटत होतं."

ती परत भाजी निवडू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा किस्सा मात्र पंगतीत सांगण्यासारखा नव्हता.

दिवाळीत हेरंब आला. त्याला रस्त्यापर्यंत गाडीवाट हवी होती, आणि ती आमच्या निम्म्यातून जाणार होती. तीन माड तोडावे लागणार होते. वहिवाटीच्या हक्काबद्दल माझ्या तोंडात दोन वाक्यं तयार झाली होती. नलू कपात चहा ओतत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"घे," मी म्हणालो. "लिहून देतो."

हेरंबने कागद पुढे केला. मी त्यावर एकच वाक्य लिहिलं, खाली शेपटीशिवाय सही केली, मग तो नलूकडे सरकवला. तिने सही केली आणि मला न विचारता अर्धा कप चहा आणखी ओतला.